शेवटच्या मालकाविरुद्ध तुफानी संप

"इंग्रजी? इंग्रजी म्हणजे आपल्या डाव्या हातचा मळ!" असं रघुवीर पालव लालबागच्या चाळीत ज्याला त्याला सांगत असे. ते कुणी खोटंही पाडत नसे, कारण खोटं पाडायला समोरच्याला इंग्रजी यावं लागतं! रघुवीर गिरणीत हजेरी कारकून होता. गेटवर लागणाऱ्या सायबाच्या नोटिसा कामगारांना मराठीतून समजावून सांगायचं काम त्याच्याकडे असे. मग संप झाला, संपाला बारा-तेरा वर्षं उलटली, गिरणी गेली, नोटिसा गेल्या. इंग्रजी तेवढं राहिलं.

आणि राहिली त्याच्या बायकोची खानावळ. संपात घर चालेना, तेव्हा शेवंतीने त्या एका खोलीत कोकणातून आलेल्या एकट्या माणसांना जेवू घालायला सुरुवात केली. ती अजून जेवूच घालत होती. भाकऱ्या थापून थापून तिची कंबर धरली होती, मनगटं सुजली होती, आणि दुपारी घटकाभर आडवं होणं म्हणजे काय हे ती विसरून गेली होती. रघुवीरची मदत असायची. तो ताटं मांडायचा, आणि सुरुवात स्वतःच्या ताटापासून करायचा.

म्हणून गिरगावच्या शामरावांनी त्याला अनुवादक म्हणून नेमलं, तेव्हा रघुवीरने घरात पाऊल ठेवताच घोषणा केली. "शेवंती, बंद कर ही खानावळ! नवरा लेखक झालाय तुझा. खुर्ची दिलीय शामरावांनी, हातवाली!"

"पयला पुस्तक येवंदे," शेवंती भाकरी उलटत म्हणाली. "मगे बंद करतंय."

तिचा आवाज कोरडा होता, पण हात क्षणभर थांबला होता. एवढी वर्षं ती याच वाक्याची वाट बघत होती आणि रघुवीरलाही ते कळत होतं. या वेळी फजिती होऊन चालणार नव्हतं.

आता शामरावांबद्दल. शामरावांचा बालसाहित्य छापायचा पिढीजात धंदा. त्यांचा एक नियम होता: आपण छापलेलं आपण वाचायचं नाही. अलीकडे मात्र त्यांच्या बोधकथांना वाळवी सोडून वाचक उरला नव्हता. पोरं सगळी नाणं टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमला चिकटलेली! त्यातही 'टायफून स्ट्राइक' नावाच्या मारामारीच्या खेळाने लालबाग-परळला वेड लावलं होतं. एक भाग संपला की दुसरा, दुसरा संपला की तिसरा. या खेळावरून परदेशात चित्रकथा निघाल्यात असं कळताच शामरावांनी त्या मराठीत आणायचे हक्क मिळवले. आधी एका प्राध्यापकांना विचारलं, पण हे काम हलकं आहे म्हणून त्यांनी नाक मुरडलं. मग रघुवीर सापडला.

"एका लढवय्याची गोष्ट आहे, पालव," शामराव म्हणाले. "अन्यायाविरुद्ध एकटा उभा राहतो. मुलं अक्षरशः वेडी झाली आहेत हो!"

"लढवय्या ना? काळजीच सोडा!" रघुवीर म्हणाला. लालबागेत लढवय्या म्हणजे कोण हे काय त्याला सांगायला हवं?

चित्रं परदेशातून येणार होती, बोलण्याचे फुगे कोरे ठेवून. ती कस्टममध्ये अडकली. हाती आले फक्त टाइप केलेले मजकुराचे कागद, एकेका फुग्याचा नंबर घातलेले. खेळ रघुवीरने कधी पाहिला नव्हता. त्या दुकानांतून येणारे ढिशुम-ढिशुम आवाज ऐकून तो नाकाला रुमाल लावून पुढे जात असे. त्याने खुर्चीवर बैठक मारली, चष्मा पुसला आणि पहिला कागद वाचला. 'द लास्ट बॉस हॅज शट द आयर्न गेट! स्ट्राइक नाऊ! स्ट्राइक टुगेदर! डोंट स्टॉप टिल द बॉस फॉल्स!'

रघुवीरच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. 'शेवटच्या मालकाने लोखंडी गेट बंद केलंय! आता संप करा! एकजुटीने संप करा! मालक पडेपर्यंत थांबू नका!' कोण कुठला परदेशी माणूस, आणि त्याला आपलं दुःख कळलं!

"अगो, साता समुद्रापलीकडे पोचली आपल्या संपाची गोष्ट!" घरी येऊन त्याने शेवंतीला सांगितलं.

"मगे थयसर तरी मिटलो काय?" शेवंतीने विचारलं.

रघुवीर कामाला भिडला. 'डबल स्ट्राइक' आला, त्याने 'दुहेरी संप' लिहिलं. 'पॉवर स्ट्राइक' आला. वीज कामगार सामील झाले हे वाचून त्याला फार धीर आला. 'फायर!' म्हणजे आग, हे शाळेतलं इंग्रजी. गिरणीत सायब 'फायर' म्हणाला की माणूस पेटत नसे, घरी जात असे! म्हणून त्याने लिहिलं, 'कामावरून काढा!' 'ब्रेक!' म्हणजे अर्थात जेवणाची सुट्टी. एका गोष्टीचा मात्र त्याला राग आला. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी टाइपिस्टने 'नॉकआउट' लिहिलं होतं. एवढा मोठा देश, आणि 'लॉकआउट' धड टाइप करता येऊ नये! त्याने उदार मनाने सगळीकडे दुरुस्ती करून 'टाळेबंदी!' घातलं.

यथावकाश चित्रं सुटली. अक्षरं लिहिणाऱ्याने नंबर बघून मजकूर फुग्यांत भरला. त्याला फक्त नंबर दिसत होते, बाकी जगाशी त्याचं काही घेणंदेणं नव्हतं. शामरावांनी नियमाप्रमाणे वाचलं नाही. जाहिरातीचे कागद रघुवीरने स्वतः खपून तयार केले आणि स्वतःच लालबागपासून परळपर्यंत चिकटवले: 'तुफानी संप! शेवटच्या मालकाविरुद्ध अखेरची लढाई! रविवारी सकाळी, लालबाग. सर्वांनी या!'

आणि सर्वजण आले! शामरावांनी एका व्हिडिओ गेमच्या दुकानाबाहेर टेबल मांडलं होतं. एका बाजूने पोरं आली. दुसऱ्या बाजूने माजी गिरणी कामगार आले, धुवट टोप्या घालून, घोषणा देत. मधोमध पोलिसांची गाडी येऊन थांबली.

"मोर्चाची परवानगी कुठाय?" हवालदाराने विचारलं.

"अहो, हे लहान मुलांसाठी आहे!" शामराव गयावया करत म्हणाले.

"लाज नाही वाटत? पोरांना पण संपात ओढता?"

तेवढ्यात पोरांनी पुस्तकं उघडली आणि हलकल्लोळ उडाला. पिवळ्या केसांचा, उघडाबंब पैलवान हवेत उडी मारून भिंत फोडत होता आणि ओरडत होता, 'जेवणाची सुट्टी!' खलनायक दोन्ही हातांतून ज्वाळा सोडत गर्जत होता, 'कामावरून काढा!' एक मुलगी दोन गुंडांना एकाच वेळी लाथ घालत होती आणि तोंडाने शांतपणे म्हणत होती, 'दुहेरी संप!' गुंड आडवे, आणि त्यांच्यावर पानभर अक्षरात 'टाळेबंदी!'

"पालव!" शामरावांनी आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःचं पुस्तक वाचलं होतं. "अहो, स्ट्राइक म्हणजे तडाखा हो! तडाखा! आणि बॉस म्हणजे शेवटचा खलनायक!"

रघुवीरने पानं भराभर उलटली आणि घोळ त्याच्या ध्यानात आला. पण माघार घेईल तो रघुवीर कसला! "साहेब," तो म्हणाला, "आमच्याकडे तडाखा बसला तो संपानेच."

शामराव त्याला तिथल्या तिथे काढणारच होते. पण गिरणीत माग चालवलेल्या एका म्हाताऱ्या साचेवाल्याने चष्मा चढवून पुस्तक डोळ्यांजवळ धरलं होतं. उंच मनोऱ्यावर, सूट घालून, सिगार ओढत शेवटचा मालक उभा होता. "पोरगा कपडे का घालत नाही कळत नाही," म्हातारा म्हणाला, "पण मालक हुबेहूब काढलाय!" झालं! दुपारपर्यंत टेबल रिकामं. जे संपात जिंकायचं राहून गेलं होतं, ते इथे रंगीत छापलेलं होतं. दोघे-तिघे तर शेवटचं पान बघून तिथेच रडले. हवालदाराने पुरावा म्हणून एक प्रत घेतली आणि गाडीत बसून हसत वाचली.

"पालव," रिकाम्या टेबलाकडे बघत शामराव मधाळ आवाजात म्हणाले, "दुसरा भाग कधी देता?"

त्या संध्याकाळी शेवंतीने खानावळ बंद केली. जेवायला येणाऱ्या माणसांना दुसरीकडे सोय बघायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी, बाराएक वर्षांत पहिल्यांदा, ती भर दुपारी खाटेवर आडवी झाली आणि करायला काही नाही म्हणून तिने नवऱ्याचं पुस्तक उघडलं.

इकडे रघुवीर गिरगावात पोचला तर शामरावांच्या दारात बाइंडर लोक मांडी घालून बसलेले! त्यांचा म्होरक्या कुशाबा. अख्खी आवृत्ती याच माणसांच्या हातून गेली होती. पानं दुमडता दुमडता त्यांनी ती वाचली होती, शिवता शिवता पाठ केली होती, आणि आता शामरावांनी घाईघाईने काढलेल्या दुसऱ्या आवृत्तीला कुणी हात लावत नव्हतं.

"आमाला जेवणाची सुट्टी पायजे," कुशाबा म्हणाला. "तुमीच छापलीय. पानोपानी!"

"एकेकाला कामावरून काढतो!" शामराव ओरडले.

"सतराव्या पानावर मालक अगदी हेच बोलतो, साहेब," कुशाबा गरिबीने म्हणाला. "अठराव्यावर पडतो."

शामरावांनी खिशातून कुलूप काढलं आणि दाराला लावलं. सगळे बाइंडर एका सुरात ओरडले, "टाळेबंदी!" मग कुणीतरी रघुवीरला पाहिलं, 'आपले लेखक आले' म्हणून उचलून खांद्यावर घेतलं आणि गळ्यात झेंडूचा हार घातला.

"पालव! तुम्ही कुणाच्या बाजूचे?" शामराव गरजले.

"मी... मी फक्त अनुवाद केलाय हो!" रघुवीर खांद्यावरून विव्हळला. पण हार घातलेल्या माणसाचं कोण ऐकतो? अनुवादक कामावरून कमी झाला. या वेळी 'फायर'चा अर्थ त्याला बरोबर कळला.

तो हार पिशवीत लपवून घरी आला. शेवंती खाटेवर पुस्तक घेऊन बसली होती.

"शेवंती, गिरगावात संप झालाय," तो खाकरून म्हणाला. "तेव्हा... थोडे दिवस... खानावळ परत सुरू कर."

शेवंतीने पान उलटलं. "नाय जमूचा. माझो पण संप असा."

"तुझा? कोणाविरुद्ध?"

"शेवटच्या मालकाविरुद्ध. तुमीच लिवलात मां? आता ह्या खोलीत मालक म्हणान मी कोणाक हाक मारतंय, सांगा?"

रघुवीरने हाराची पिशवी खाटेखाली सरकवली. अहो, मालक, आमचे मालक: ती त्याला आयुष्यभर दुसरं काही म्हणालीच नव्हती!

जेवणारी माणसं परत आली आहेत. स्टोव्हपुढे आता रघुवीर बसतो. त्याची भाकरी एका बाजूने कच्ची आणि दुसऱ्या बाजूने काळी असते, आमटीतलं मीठ नशिबावर असतं. "पालवानू, वैनीच्यो मागण्यो मान्य करून टाका," लोक हात जोडून विनवतात.

"सगळ्या मान्य केल्या रे!" तो डोळे चोळत म्हणतो. "पण ती म्हणते, पुस्तकात लिहिलंय, मालक पडेपर्यंत थांबायचं नाही!"

खरं तर हा संप एका मिनिटात मिटेल. मूळ इंग्रजीत संप नव्हताच, नुसती मारामारी होती, एवढं शेवंतीला सांगितलं की झालं. पण मग आपल्याला इंग्रजी येत नाही हे बायकोपुढे कबूल करावं लागेल! छे! त्यापेक्षा रघुवीरने दुसरी भाकरी तव्यावर टाकली आणि बोट भाजून घेतलं.