उमाचा पंचा

उमाचे डोळे दर उन्हाळ्याच्या तोंडाशी लाल व्हायचे आणि त्यांना खाज सुटायची. यंदा नेमका परीक्षेच्या आधीचा आठवडा गाठला. अंबरनाथच्या शाळेचे हेडमास्तर दिनानाथपंत यांनी तिला दारातच अडवलं.

"डोळे आलेत! शाळाभर लागण होईल!"

तिचा रुमाल जप्त झाला आणि ती घरी. पुढच्या सोमवारी शाळा तपासणारे सरकारी साहेब, म्हणजे दिपोटी, तिच्या चौथीची परीक्षा स्वतः घेणार होते. तेव्हा बसली नाही, तर उमाचं वर्ष फुकट.

तिची आई सुनेत्रा तिला घेऊन उल्हासनगरला गेली, कॅम्प एकमध्ये. तिथल्या कराचीहून आलेल्या डॉक्टरांनी पापण्या उलटून पाहिल्या.

"दिसायचं बंद नाही ना होणार?" सुनेत्रानं विचारलं.

"अरे बाई, कुछ नहीं! हिला धूळ सोसत नाय. लय पोरांना असतं, मोठी झाली की जाईल. थंड पट्ट्या ठेवा, चोळू देऊ नका. और ये किसी को लगता नहीं."

सुनेत्राचा जीव भांड्यात पडला. पण दिनानाथपंतांनी डॉक्टरांची चिठ्ठी वाचलीसुद्धा नाही.

"लागत नाही, याला पुरावा काय?"

पुरावा सुनेत्राच्या शेजारच्याच खोलीत राहत होता. चौथीचे कमळाकर मास्तर भले गृहस्थ, पण दिपोटींचं नाव काढलं की ते पळवाट शोधायचे. डोळे आले तर हक्काची रजा, म्हणून ते रोज पहाटे दोरीवरचा उमाचा पंचा तोंडावर खसाखसा घासत होते. शनिवारी सुनेत्रानं त्यांना रंगेहाथ पकडलं.

"मास्तर, पोरीचा पंचा?"

"रागावू नका वहिनी. पाच दिवस घासतोय, काही होतच नाही हो!" मास्तर रडकुंडीला आले.

सुनेत्राला हसू फुटलं. "मग चला, हेच पंतांना सांगा."

"नोकरी जाईल माझी!"

डोळ्यांवरची ओली पट्टी सावरत उमा दारात आली. "गुरुजी, घाबरू नका. मला तिसापर्यंत पाढे येतात. दिपोटींनी विचारलं की मीच हात वर करीन."

मास्तरांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी मुकाट्यानं टोपी घातली.

शाळेत त्यांनी सगळं कबूल केलं आणि डोळे फाडून दाखवले. दिनानाथपंतांनी खोलीचं दार लोटून घेतलं. मग टेबलाचा खण उघडून त्यांनी उमाचा रुमाल काढला. तो पार चोळामोळा झाला होता.

"येऊ दे तिला सोमवारी," पंत उसासा टाकून म्हणाले. "मीही तीन दिवस घासतोय."