एकादशीचा प्लॉट

“माझ्या म्हातारपणाचा कारभारी मीच!” असं म्हणून जयवंत शेळके यांनी हिशेब खात्याच्या टेबलावर अशी मूठ आपटली की विनिता मॅडमचा चहा बशीत आला!

साल एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. गोरेगावची कंपनी बंद पडली होती आणि सव्वीस वर्षांच्या नोकरीचा पीएफ, ग्रॅच्युइटी, सगळं मिळून एका चेकवर मावलं होतं.

“काका, पोस्टात टाका,” बशीतला चहा पुन्हा कपात ओतत विनिता मॅडम म्हणाल्या. “महिन्याच्या महिन्याला व्याज येईल. निदान डाळ-तांदूळ तरी सुटेल.”

“व्याजावर कुणाचं घर उभं राहिलंय? मी जमीन घेणार! पैसा पळतो, कंपनी पळते, मालक तर केव्हाच पळाला. जमीन कुठं पळून जात नाही!”

मंडळी, हे वाक्य ध्यानात ठेवा. जयवंतरावांना ते पुढं झोपेतही ऐकू यायचं.

माणूस मोठा भाविक. गळ्यात तुळशीची माळ, कपाळी बुक्का, आणि कीर्तन म्हटलं की जीव की प्राण. कुठं टाळ वाजला तर हा गृहस्थ स्वतःच्या लग्नातूनही उठून गेला असता. गेला होताच, असं त्यांच्या पत्नी मालनवहिनी सांगतात! मूळ गाव पारनेरकडचं, जिथं पाणी बघायला विहिरीत वाकावं लागतं. नोकरीपायी आचोळ्यात भाड्याच्या खोलीत राहत होते. सव्वीस वर्षांत पाच खोल्या झाल्या. मालनवहिनींची तुळस दूधपावडरच्या डब्यातच राहिली, कारण दर खेपेला उचलून न्यावी लागायची. आणि आताच्या घरमालकानं सांगून टाकलं होतं, “पाडव्याला खोली रिकामी पाहिजे.”

“मला मोठं काही नको,” वहिनी म्हणायच्या. “आपलं म्हणता येईल असं एक दार, आणि तुळस जमिनीत लावायला हातभर जागा.”

प्रीतमशेठ नावाचा दलाल भेटला. माणिकपूरला ऑफिस, भिंतीवर नकाशा, नकाशावर हिरवीगार झाडं. आचोळ्याच्या पुढं, खाडीच्या अंगाला प्लॉट पाडलेले.

“लाइट येईल काका, रस्ता येईल,” प्रीतमशेठ म्हणाला, “आणि पाण्याची तर तुम्ही काळजीच सोडा!”

त्यातलं शेवटचं वाक्य शंभर टक्के खरं होतं.

आता जयवंतरावांचा एक नेम होता. शुभकार्याला एकादशीशिवाय पाऊल उचलायचं नाही. जागा पहिल्यांदा बघितली एकादशीला. मालनला दाखवली पुढच्या एकादशीला. मोजणी एकादशीला, बयाणा एकादशीला, करारावर सही एकादशीला, ताबाही एकादशीला. सहा वेळा गेले, सहाही वेळा जमीन खडखडीत कोरडी! वर पांढरी झाक होती. ती जयवंतरावांना रांगोळीसारखी वाटली. बोटाला लावून कपाळाला लावली! जिभेला लावली असती तर ही गोष्ट इथंच संपली असती.

सातबारा त्यांनी वाचला नाही असं नाही. त्यात ‘खाजण’ लिहिलं होतं. त्यांच्या गावी शेतांना नावं असतात, चिंचेचं, विहिरीचं, म्हसोबाचं. तसंच हे खाजणाचं, असं त्यांनी धरलं. देव भोळ्याचा पाठीराखा असतो हे त्रिवार सत्य, पण सातबारा समजावून सांगायला तो येत नाही!

कंपनीतला जुना सोबती सिप्रियन, पाचूबंदरचा कोळी, पेढा खायला आला. पेढा तोंडात टाकून त्यानं विचारलं,

“जयवंता, जागा कोनच्या तिथीला बघितलीस?”

जयवंतरावांना भरून आलं. ख्रिस्ती माणूस, पण तिथी विचारतोय!

“एकादशी! सहाच्या सहा वेळा!”

सिप्रियनचा पेढा तोंडातच थांबला. “पुनवेला एकदा जाऊन ये.”

“पुनवेला कशाला?”

“पानी बघाया.”

“अरे, पाण्याची काळजीच सोड म्हणालाय शेठ!”

“ता खरा,” सिप्रियन हळूच म्हणाला. “पन तू जाऊन ये.”

“याला काय कळतंय एकादशीचं माहात्म्य!” तो गेल्यावर जयवंतराव म्हणाले. तिथीवर पोट भरणाऱ्या माणसाबद्दल ते हे बोलले, मंडळी!

भूमिपूजनाला कीर्तन ठेवायचं ठरलं. हरिश्चंद्रबुवांना गाठलं.

“एकादशीला जमायचं नाही,” बुवा म्हणाले. “त्या दिवशी मला तीन गावची बोलावणी असतात.”

“आणि पंगत बसवायची तर एकादशी चालेल कशी? लोकांना काय वरीचे तांदूळ वाढणार?” मालनवहिनींनी भर घातली. “त्यापेक्षा माघी पौर्णिमा धरा. रविवारही आहे.”

असा नेम मोडला, एकदाच!

रविवारी सकाळी मांडव पडला. माणसं चाळीस, चुलीवर भाताचं पातेलं, बाहेर चपलांची सुबक ओळ. गुरुजींनी कुदळ मारली. वहिनींनी सव्वीस वर्षांची तुळस डब्यातून काढून जमिनीत लावली आणि तिथंच डोळ्यांना पदर लावला. साडेदहाला बुवा बाकावर उभे राहिले. आख्यान जयवंतरावांनीच सांगून ठेवलं होतं, सुदाम्याची झोपडी जाऊन सोन्याची नगरी झाली ते.

सुदामा पोहे घेऊन द्वारकेच्या वेशीवर पोहोचला तेव्हा सव्वाअकरा झाले होते.

सगळ्यात आधी चपला निघाल्या. आवाज न करता, ओळ न मोडता, पालखीमागं निघाल्यासारख्या! मग चुलीनं ‘चस्स’ केलं. आचारी ओरडला, “अवो, पाइप फुटला!”

जयवंतरावांचा चेहरा उजळला. “बघा! अजून घर नाही, तोवर पाणी आलं! म्हणालो नव्हतो?”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसरी टाळी वाजेपर्यंत पाणी घोट्याला लागलं. सतरंजी फुगली, गुरुजींनी धोतर वर घेतलं. तबलजी तबला काखेत नि डग्गा डोक्यावर धरून म्हणाला, “बुवा, सुदाम्याला जरा लवकर आत घ्या!”

मागं उभ्या सिप्रियननं वाकून ओंजळभर पाणी घेतलं, जिभेला लावलं.

“खारा हाय.”

एवढेच दोन शब्द. जयवंतरावांच्या हातातले टाळ गळून पाण्यात पडले.

“दरिया हाय ह्यो, जयवंता. एकादशीला भांगाचं पानी, भरती अर्ध्यातनं मागं फिरते. पुनवेला नि आमोशेला उधान. तवा तो हितवर येतो. आजचा नाय, माझ्या आज्याच्या आधीपासनं येतो.”

“तू सांगितलं का नाहीस?”

“सांगितला ना! पेढा खाताना!”

“मग नीट सांगायचं!”

“तू कराराचा कागद दाखवत होतास. सही झालेली. म्हटला, आता काय बोलू?”

बुवा मात्र कसलेले. पाणी बाकाच्या फळीला लागलं तसं त्यांनी सुदाम्याला वाटेतच सोडलं आणि चाल बदलली. देवाचा पहिला अवतार मासा, दुसरा कासव, आणि तिसऱ्यात वराह होऊन बुडालेली पृथ्वी त्यानं सुळ्यावर उचलून वर काढली, म्हणून सांगू लागले. गळा असा लागला की गुडघाभर पाण्यात उभी माणसं रडू लागली! जयवंतरावही रडत होते, पण ते वराहासाठी नव्हे.

मालनवहिनी रडल्या नाहीत. रिकामा डबा छातीशी धरून त्या पाण्याकडं बघत होत्या. तुळशीचा शेंडा तेवढा वर दिसत होता. मग तोही दिसेना.

“अहो,” त्या म्हणाल्या, “आपलं दार कुठल्या बाजूला होतं?”

दुपारी तीनला पाणी आलं तसं निघून गेलं. चपला सोडून सगळं जागेवर होतं. जमीन कुठं पळून गेली नव्हती!

माणिकपूरला प्रीतमशेठच्या ऑफिसात शाळेच्या गणवेशांचं दुकान लागलं होतं. तलाठ्यानं सातबारा उलटा-सुलटा केला. “खाजण म्हणजे भरतीची जमीन, काका. लिहिलंय की स्वच्छ! इथं घर बांधता येत नाही. विकत कोण घेणार?” पोलिसांनी अर्ज घेतला, शिक्का मारला, आणि बसायला खुर्ची दिली. तुळस आठव्या दिवशी काळी पडली. पाडव्याला शेळक्यांनी सहावी खोली घेतली, आधीच्या खोलीपेक्षा लहान. छप्पन्नाव्या वर्षी जयवंतराव एका सोसायटीच्या फाटकावर वॉचमन म्हणून बसू लागले.

चैत्री पौर्णिमेच्या संध्याकाळी सिप्रियन दारात आला. हातात टोपली, टोपलीत वळवळणारी कोळंबी, वर दोन चिंबोऱ्या.

“तुझ्या प्लॉटात जाळा लावला होता. अर्धा मालकाचा वाटा.”

जयवंतराव मागं सरकले. माळ हातात धरून म्हणाले, “सिप्रियन, मी माळकरी माणूस! हे आमच्या उंबऱ्यात...”

सव्वीस वर्षांच्या पीएफचं पहिलं उत्पन्न समोर मिशा हलवत होतं, आणि ते खाता येत नव्हतं! एकादशीला जमीन दिसायची तेव्हा उपास. पुनवेला पीक यायचं ते वर्ज्य.

मालनवहिनी उठल्या. टोपली उचलली, शेजारच्या मटिल्डाबाईंकडं गेल्या आणि चाळीस रुपये घेऊन आल्या. हात धुतले. नोटा देवापुढं ठेवल्या.

“अगं, मासळीचे पैसे! देवापुढं?”

“त्याला काय होतंय? पहिला अवतार त्याचा मासाच ना?” वहिनींनी निरांजन लावलं. “बुवाच म्हणाले, तिसऱ्या अवतारात तो जमीन पाण्याबाहेर काढतो. तुमच्या प्लॉटवर अजून पहिलाच चाललाय. तोवर कोळंबी विकू.”

जयवंतरावांनी हातातली माळ सोडली. मग हळूच पंचांग काढून पुढची अमावास्या कधी ते बघू लागले.