पर्लची पेटी

साप पाहुण्यांच्या बाथरूममध्ये होता आणि मार्लिसची आई गुरुवारी येणार होती. कर्टिसच्या संसाराची सगळी अडचण एवढ्यात आली.

पर्ल ही चार फुटांची, स्वभावानं गरीब, बिचकली की अंगाचा गोळा करून बसणारी अजगराची मादी. तिची काचेची टाकी सप्टेंबरात तडकली, तेव्हापासून ती टबात, कड्या असलेल्या प्लास्टिकच्या डब्यात राहत होती.

"थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला आई यायच्या आत ती नव्या पेटीत गेलेली पाहिजे," मार्लिसनं नवऱ्याला बजावलं होतं. "नाहीतर फार्गोला. रँडीकडे."

रँडी हा मार्लिसचा चुलतभाऊ. त्याच्याकडे आजवर तीन मासे, एक कासव आणि एक बायको टिकली नव्हती.

कर्टिस एका प्रयोगशाळेत पाण्यातलं क्लोरीन मोजायचा. मोजल्याशिवाय त्याचा कशावरच विश्वास बसत नसे. पुढून काच असलेली प्लायवूडची पेटी त्यानं एका शनिवारात ठोकली. मग साप पाळणाऱ्यांच्या इंटरनेटवरच्या गटात त्यानं एक साधा प्रश्न विचारला: ओल लाकडात मुरू नये आणि सापालाही बाधू नये, म्हणून आतून काय लावावं?

त्रेसष्ट उत्तरं आली. पहिल्यानं पाण्यात मिसळणारं व्हार्निश सुचवलं. दुसऱ्यानं लिहिलं, की ते लावणारा माणूस खुनी आहे. तिसऱ्याचं म्हणणं, काहीच लावू नका, जंगलात सापाला कोण व्हार्निश लावून देतं? जंगलात साप प्लायवूडमध्ये राहतात का, असं चौथ्यानं तिसऱ्याला विचारलं. उरलेली एकोणसाठ उत्तरं या दोघांच्या भांडणाची होती. त्यात दोघांच्या आयाही आल्या, पण कर्टिसची पेटी परत कुठं आली नाही.

शेवटी त्यानं व्हार्निशच्या डब्यावरची बारीक अक्षरं स्वतः वाचली. पाण्याच्या व्हार्निशचे तीन हात दिले, सांधे मत्स्यालयाच्या सिलिकॉननं भरले आणि वहीत तारीख घातली. वास पुरता जायला तीन आठवडे. अकराव्या दिवशी शेजारचा ड्वेन गॅरेजमध्ये डोकावला.

"खालच्या कडांना लावलंस का रे?"

कर्टिसनं पेटी उलटी केली. कडा कोऱ्या करकरीत होत्या. पुन्हा तीन हात, पुन्हा पहिला दिवस.

मुदत संपली ती थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या रविवारी. आता प्रश्न होता वास खरंच गेला का, हा. त्याला यंत्र नव्हतं, नाकच होतं. आणि कर्टिसचं नाक इतके आठवडे पेटीतच असल्यामुळे त्याची साक्ष ग्राह्य धरता येत नव्हती.

"ड्वेन, जरा हुंग."

ड्वेननं पेटीत डोकं घातलं. "कॉफी."

"ती तुझ्या हातातल्या कपातली."

"मग काही नाही. किंचित मासळी."

"तो तुझ्या जाकिटाचा वास आहे."

"कर्टिस, तुला पेटी तपासायचीय की मला?"

एका नाकावर निष्कर्ष काढणं कर्टिसला पटेना. त्यानं टपालवाल्यालाही हुंगायला लावलं.

"शाब्बास!" मार्लिस म्हणाली. "आता तो पत्रं लांबूनच फेकतो."

पण वास शून्य निघाला. बुधवारी पेटी बैठकीच्या खोलीत आली. आत हीटर, तो आपोआप चालू-बंद करणारं यंत्र आणि पाण्याचं भांडं. गुरुवारी सकाळपर्यंत आकडे हलले नाहीत: उष्णता नव्वद अंश फॅरनहाइट, दमटपणा साठ टक्के. आता फक्त पर्ल यायची बाकी होती. कर्टिस तिला आणायला बाथरूममध्ये गेला, आणि नेमकी त्याच वेळी सासूबाई आर्डिस दोन तास लवकर आल्या.

पर्लला दंडावर गुंडाळून तो बाहेर आला, तर पेटीची काच बंद होती आणि आत, ओल्या फडक्याखाली, एका ट्रेमध्ये आर्डिसनी घरून करून आणलेले पावाच्या पिठाचे बारा गोळे मांडलेले होते. त्या काचेला नाक लावून बघत होत्या.

"कर्टिस, एकोणीस वर्षांत तू पहिल्यांदा कामाची वस्तू बनवलीस! तुमच्या या गारठ्यात पीठ कधी फुगत नाही. कोमट, दमट, वास नाही. तुला सुचलं तरी कसं?"

आणि त्या वळल्या. पर्लनं जीभ बाहेर काढली. मार्लिसनं डोळे मिटून घेतले.

"हे काय?" आर्डिस दोन पावलं मागं सरकल्या.

"पर्ल. पेटी हिच्यासाठी केलीय. पण ही अजून आत गेलेली नाही. एकदाही नाही," कर्टिसनं नोंद दिल्यासारखं सांगितलं.

आर्डिसनी सापाकडं पाहिलं. मग गोळ्यांकडं. गोळे आत्तापासूनच टरारू लागले होते.

"आत्ता राहते कुठं ही?"

"टबात. पण पेटी नसेल तर फार्गोला, रँडीकडे."

"त्या गाढवाकडे? काही नको. राहू दे टबातच. मी वरच्या मजल्यावर अंघोळ करीन. पेटी नाताळपर्यंत माझी."

"आई, तू तर सापाला भितेस ना?" मार्लिसनं विचारलं.

"भितेच. पण गेल्या वर्षी माझे पाव दगडासारखे झाले होते, आणि तुझ्या मावशीनं ते सगळ्या चर्चमध्ये सांगितलं."

पर्ल मुकाट्यानं आपल्या डब्यात परतली. फार्गो टळलं होतं. पाव भाजायला जायच्या आधी कर्टिसनं फडकं बाजूला करून, गोळ्यांसकट पेटीचा फोटो काढला आणि गटावर टाकला. प्रयोगाचा निकाल कळवणं हे तो कर्तव्य समजत असे. "तीन आठवडे थांबलो. वास शून्य. पेटी यशस्वी. सर्वांचे आभार," असं त्यानं खाली लिहिलं.

चार मिनिटांत पहिलं उत्तर आलं.

"एका पेटीत बारा? तुम्हाला साप पाळायचा अधिकारच नाही."



दुसरं लगेच मागोमाग: "आणि सगळे फुगलेत. सांगितलं होतं, व्हार्निश लावू नका."