कुंदाताईंची झाडझूड

शुक्रवारी दुपारी चार वाजले की कुंदाताई कॉम्प्युटरच्या खोलीत फिरायला निघतात. बारा कॉम्प्युटर, बारा खुर्च्या, आणि प्रत्येक खुर्चीपाशी एकच प्रश्न तीनदा. "पुसलेलं काई पायजे का? पायजे का? पक्कं नाई पायजे?" तिसऱ्यांदाही "नाही" असं उत्तर आलं की त्या वाकून एक ओळ टाइप करतात, बटण दाबतात आणि म्हणतात, "झाडलं."

बोरगाव मेघेच्या आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये मी फरशी झाडते, त्या डिस्क झाडतात. मी शाळा सातवीत सोडली, त्यामुळे त्यांनी मला सांगितलं तसंच सांगते. फाइल पुसली की तिचं नाव जातं, मजकूर मात्र डिस्कवर तिथेच पडून राहतो. आता ही जागा मोकळी झाली असं अधूनमधून डिस्कला कळवावं लागतं, नाहीतर ती सुस्तावते. पण एकदा कळवलं की मजकूर कायमचा गेला. सगळीकडे हे काम आठवड्यातून एकदा वेळ लावून दिलेलं असतं, आपोआप होतं. आमच्याकडे ताईंनी ती वेळ बंद करून ठेवली आहे.

"पुसलं म्हणजे गेलं नाई वं. झाडलं म्हणजे गेलं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "अन् पुसणाऱ्याचा राग कवा उतरते, हे मशीनले काय समजते?"

पूर्वी त्या इथेच टाइपरायटर शिकवायच्या. वय अठ्ठावन्न, लग्न केलेलं नाही, आवाज मैदानावरच्या पीटीच्या बाईंसारखा. सवय खोलीपुरती नाही. चौकात तर्री पोहे खायला गेलो तर शेजारच्या टेबलावरची प्लेट उचलणाऱ्या वेटरचा त्या हात धरतात. "थांब बाप्पा. खाईन थो अजून." ज्याची ती प्लेट, तो अनोळखी माणूस हात धुऊन दारापर्यंत पोचलेला असतो.

मी गुहागरकडची. नवऱ्याला सेवाग्रामला काम मिळालं म्हणून इतक्या लांब आले. पहिले सहा महिने मी कुणाशी बोलायलाही घाबरायचे. मी दुपारच्या सुट्टीत फळ्यावरची इंग्रजी अक्षरं जुळवत उभी असताना ताईंनी पकडलं. रागावतील म्हणून मी झाडू पुढे धरला. त्या म्हणाल्या, "झाडू ठेव अन् बस." त्यांनीच मला टायपिंग शिकवलं, दहावीला बाहेरून बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावला. चार नंबरच्या कॉम्प्युटरवर मी सहा महिने उत्तरं आणि निबंध लिहीत होते.

मग एका बुधवारी सराव परीक्षेत गणितात शंभरात नऊ मिळाले. मी सगळा फोल्डर पुसून टाकला. या वयात कसली दहावी.

गुरुवारी संचालक साहेबांनी कुठलासा तंत्रज्ञ बोलावला आणि सगळ्या कॉम्प्युटरांवर वेळ लावून घेतली. दर शुक्रवारी चार वाजता, आपोआप. पासवर्डही बदलला, म्हणजे ताईंना ती वेळ काढता येऊ नये.

"ताई, जग कुठे चाललं आहे आणि तुम्ही काय करून राहिल्या?" साहेब म्हणाले.

"जग जाऊ द्या ना साहेब. मी इथंच हावो."

शुक्रवारी त्या साडेतीनलाच फिरल्या. माझ्यापाशी येऊन तीनदा विचारलं. मी तीनदा नाही म्हटलं. त्या ओळ टाइप न करताच पुढे गेल्या. पावणेचारला मला राहवेना. मागे जाऊन म्हटलं, "ताई, माझं पाहिजे होतं."

"मंग आतालोक काऊन नाई बोलली वं?"

पण उत्तराला थांबल्या नाहीत. चार नंबरची वायरच ओढली, बाकीच्या सोडवल्या आणि सीपीयू काखेत मारून निघाल्या. साहेब दारात आडवे आले.

"हा संस्थेचा माल आहे, ताई. ही चोरी होते."

"चोरी म्हणा, काईबी म्हणा. सोमवारी आणून देतो. तवर पोलिस बोलवाचे असन त बोलवा. मी सिंदी मेघेतच राहतो." इकडच्या बोलीत बायकाही राहतो, देतो असंच म्हणतात. मला त्या दिवशी ते पहिल्यांदाच शोभून दिसलं.

ऑटोवाल्याने विचारलं, "काकू, टीव्ही बिघडला का?"

"टीव्ही नोय. हिची दहावी हाय."

रविवारी दुपारी मला घरी बोलावलं होतं. दोन खोल्या, एक खाट, एक खुर्ची. मला खुर्ची दिली आणि त्या खाटेवर बसल्या. चार नंबरची डिस्क काढून त्यांनी आपल्या जुन्या कॉम्प्युटरला जोडली होती. स्क्रीनवर माझे निबंध ओळीने उभे होते. नावं गेली होती, नुसते आकडे होते. पण एक उघडला तर आमच्या गावच्या समुद्राचाच निघाला.

"सारं निघाले लय वेळ लागते," ताई स्क्रीनकडे न बघता म्हणाल्या. "संध्याकाळ होईन. जेवूनच जाजो."

स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात काम पूर्ण झाल्याचं लिहिलं होतं. सकाळीच, अकरा मिनिटांत. ती ओळ वाचायला मला त्यांनीच शिकवलं होतं. स्वयंपाकाच्या ओट्यावर दोन माणसांपुरती वांगी चिरून पाण्यात घातलेली होती, आणि फळीवरून नुकतीच काढलेली दुसरी ताटली पुसून पालथी ठेवली होती. तिच्यावरचं दुकानाचं लेबल अजून निघालेलं नव्हतं.

"मला काही घाई नाही, ताई," मी म्हटलं. पदर खोचला आणि कणीक मळायला घेतली.