ऑरिन सुटला

त्या शनिवारी सकाळी आमच्या टिपली गावात ना धड बर्फ होता, ना धड पाऊस. आभाळ मळक्या गोधडीसारखं खाली उतरलेलं. छपरांवरचा बर्फ वितळून टपटपत होता, रस्त्याच्या कडेचे ढीग काळे पडले होते, आणि वारा असा बोचरा की गावातली कुत्रीसुद्धा बाहेर जाऊन कामापुरतं काम उरकून परत येत होती. बर्फ काढणाऱ्या माणसाला अशा हवेत काही उद्योग नसतो. म्हणून तर ऑरिन फेल्प्सने परीक्षेला हा दिवस निवडला होता.

ऑरिन आमच्या काउंटीच्या रस्तेखात्यात बर्फ काढायची गाडी चालवतो. माणूस सरळ, मेहनती, बोलायला महाग. त्यांचा फोरमन निवृत्त व्हायचा होता आणि त्या जागेला दोन वर्षांचं कॉलेज लागतं. ऑरिनचं कॉलेज तरुणपणी होता होता राहिलं. फक्त एक विषय अडकलेला, कॉम्प्युटरची तोंडओळख. (कॉम्प्युटरला तोंड असतं हेच त्या वेळी त्याला पटलं नव्हतं.) आता त्या विषयाचं क्रेडिट मिळालं नाही, तर फोरमन होणार लायल. लायल म्हणजे त्याच खात्यातला, ऑरिनच्या बायकोचा, मार्व्हाचा, चुलतभाऊ. दर थँक्सगिव्हिंगच्या मेजवानीला ऑरिनच्याच टेबलाशी बसून, ऑरिनने टर्की कशी चुकीची कापली ते सांगणारा. वर्षातून एकदा ऐकायचं ते रोज ऐकावं लागणार, आणि तेही त्याला साहेब म्हणत!

मार्व्हाने कॉलेजात फोन केला. तिकडची बाई म्हणाली, "दोन वाटा आहेत. ऑनलाइन कोर्स करा, नाहीतर एकच परीक्षा देऊन टाका. क्रेडिट तेवढंच."

"कोर्स," ऑरिन म्हणाला. "हळूहळू जाऊ. घाई करून गाडी खड्ड्यात जाते."

"ऑरिन, तू हळूहळू जाईपर्यंत लायल पेन्शनीत निघेल."

तरी त्याने कोर्सचा फुकटातला पहिला आठवडा घेतला. पहिलाच धडा: स्वतःची ओळख लिहा आणि वर्गातल्या दोघांना मनापासून उत्तर द्या. ऑरिनने सगळी दुपार खर्चून लिहिलं, "मी ऑरिन. बर्फ काढतो." संध्याकाळपर्यंत कुठल्याशा पोरीचं उत्तर आलं, "वा! किती प्रेरणादायी! बर्फ काढताना तुम्हाला काय जाणवतं?"

ऑरिनने बराच वेळ विचार केला. "थंडी," असं लिहिलं, पुसलं, आणि लॅपटॉप बंद केला.

"परीक्षा," तो म्हणाला.

मग सगळा हिवाळा तो गाडीत बसून धडे पुटपुटत फिरला. कोणाला सांगायचं नाही अशी मार्व्हाला ताकीद होती. नापास झालो तर गावभर होईल, लायलपर्यंत जाईल. मार्व्हाने तोंड शिवून ठेवलं. फक्त शेजारच्या मिसेस कोल्बना कुंपणावरून एवढंच म्हणाली, "शनिवारी जरा शांतता ठेवा हं. ऑरिनचं एकदाचं होऊन जाईल." म्हाताऱ्या मिसेस कोल्बना कानाला कमी आणि डोळ्याला त्याहून कमी. पण जेवढं कळतं तेवढं त्या मनावर घेतात. त्यांनी छातीवर हात ठेवला नि मान हलवली.

तर शनिवारी पडदे ओढले, फोन बंद केला, ऑरिन लॅपटॉपपुढे बसला. परीक्षा घरीच, पण पलीकडून कॅमेऱ्यातून एक मुलगी पहारा करणार. ती म्हणाली, "सर, खोली दाखवा. टेबलाखाली. छत. आता भिंती. थांबा! मागे कोण आहे?"

"हरीण," ऑरिन म्हणाला.

"सर, खोलीत दुसरा चेहरा चालत नाही."

"नुसतं डोकं आहे. मीच मारलंय. ते काय सांगणार मला?"

"नियम आहे, सर."

शेवटी मार्व्हाने ते डोकं भिंतीवरून उतरवलं, धापा टाकत पुढच्या व्हरांड्यात नेलं, बाकावर आडवं ठेवलं. वाऱ्याने केस उडू नयेत म्हणून वर पांढरी चादर घातली. शेजारच्या खिडकीत मिसेस कोल्बचा पडदा हलला, पण तिकडे कोणाचं लक्ष होतं!

आत पहारेकरीण म्हणाली, "सर, ओठ हलवू नका." ऑरिनने जन्मात कधी ओठ न हलवता वाचलेलं नाही. चर्चमध्ये नाही, मेनूकार्डसुद्धा नाही. त्याने दोन्ही ओठ दातांत धरले, डोळ्यांत पाणी आलं, आणि तशाच अवस्थेत शेवटचं बटण दाबलं. पडद्यावर हिरवी अक्षरं आली. उत्तीर्ण.

तो मार्व्हाला मिठी मारून वर गेला, कानात बोळे घातले आणि पलंगावर पडला. मार्व्हा केक आणायला निघाली ती आनंदाने रडतच. कुंपणापाशी मिसेस कोल्ब उभ्या होत्या.

"सुटला हो!" मार्व्हा म्हणाली. "सुटला एकदाचा!"

"कधी ग पोरी?"

"हे आत्ता."

"फार त्रास झाला का त्याला?"

"शेवटी शेवटी घाम फुटला होता. ओठ घट्ट मिटून घेतले होते नुसते. पण आता चेहरा बघा, किती शांत पडलाय!"

"तू होतीस ना जवळ?"

"कुठली! दाराच्या फटीतून बघितलं तेवढंच. तिथं एकट्यानंच जायचं असतं. वरून एक जण बघत असते फक्त."

"असते?" मिसेस कोल्बनी आभाळाकडे पाहिलं. "मला वाटायचं, पुरुष असेल."

मार्व्हा गाडी काढून गेली, आणि मिसेस कोल्बनी घरात जाऊन गावभर फोन फिरवले.

आमच्या गावात कोणी गेलं की दार वाजवत नाहीत. मागच्या दाराने घरच्यांसाठी जेवणाचं भांडं घेऊन शिरतात, भट्टीतून काढलेले चीज-बटाटे नाहीतर नूडल्स, बुडाला नावाची चिकटपट्टी लावलेली. ऑरिनला जाग आली ती वासाने. कानातले बोळे काढले तर खाली कुजबुज, नाकं शिंकरल्याचे आवाज. तो थंडीच्या लांब अंतर्वस्त्रांतच जिन्यापर्यंत आला आणि थबकला.

बैठकीत सगळं गाव काळ्या कपड्यांत. मधोमध लायल, हातात रुमाल.

"ऑरिनसारखा ड्रायव्हर होणे नाही," लायल म्हणत होता. "मी त्याला टर्कीवरून छळायचो. अरे, मला स्वतःला कोंबडी कापता येत नाही! फोरमन तोच व्हायला हवा होता. मी त्याच्या हाताखाली राबायच्याही लायकीचा नाही."

ऑरिनने खोकायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. (इतकं गोड बोलणं त्याने लग्नातही ऐकलं नव्हतं.) तो अलगद वरच्याच पायरीवर बसला.

"त्याला कॉलेजचा कागद नव्हता ना पण," रस्तेखात्याचे साहेब चीज-बटाटे चघळत हळहळले. "नाहीतर जागा त्याचीच होती."

"कागद काय चाटायचाय, साहेब?" लायलने हुंदका दिला. "आज तो उठून आला असता, तर मी स्वतः त्याला फोरमनच्या किल्ल्या दिल्या असत्या!"

तेवढ्यात पुढचं दार उघडून मार्व्हा आली. हातात केक, केकवर गुलाबी क्रीमची मोठी अक्षरं: सुटलास एकदाचा!

मिसेस कोल्बनी केक वाचला, मार्व्हाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "जरा दम तरी धरायचास ग!"

"कशाला? परीक्षा पास झालाय तो!" मार्व्हा म्हणाली. "आणि तुम्ही सगळे काळे कपडे घालून का आलात?"

"लायल," जिन्यावरून आवाज आला. "किल्ल्या."

लायल सोफ्यात बसला तो थेट कोणाच्या तरी नूडल्सवर. साहेबांनी ऑरिनला पायजमा घालून यायला सांगितलं, लॅपटॉपवरची हिरवी अक्षरं स्वतः वाचली (ओठ हलवत) आणि सगळ्यांदेखत हात मिळवला. लायलला आता शब्द फिरवता येईना. एवढे साक्षीदार, आणि सगळ्यांच्या तोंडात घास!

मग अन्न वाया कशाला घालवा, म्हणून सगळे जेवले, केकही संपला. ऑरिन छाती पुढे काढून दारात उभा राहिला, एकेकाला निरोप देत. आज आपली गावात केवढी किंमत आहे ते त्याला कळलं होतं. शेवटी मिसेस कोल्ब आल्या. त्यांनी आपलं रिकामं भांडं उलटं करून चिकटपट्टी डोळ्यांजवळ नेऊन तपासली, व्हरांड्यातल्या चादरीखालच्या त्या आकाराला हात जोडून, डोळे मिटून छोटीशी प्रार्थना केली, आणि वळून ऑरिनला म्हणाल्या, "तो कोण गेला ते देव जाणे. पण तुझं मात्र, बाळा, माझ्याकडून आज आगाऊ क्रेडिट झालं हं. खरा जाशील तेव्हा मी भांडं नाही, नुसतं कार्ड पाठवीन."