निळ्या बेडकांचा मुद्दा सोबत घेतला आहे

एल्वसुंदा विद्यापीठाच्या जीवशास्त्र विभागात फेब्रुवारी महिन्यात एक गंभीर अनियमितता घडली. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या टिंड्रा स्यॉदिन या मुलीनं प्राध्यापक स्ताफान एकेरूटच्या खोलीचं दार वाजवलं, त्याला एक प्रश्न विचारला, आणि स्ताफान कुणालाही न विचारता सरळ "हो" म्हणाला.

त्याचीही बाजू ऐकून घेतली पाहिजे. प्रश्नच तसा होता. विभागाच्या मागे एक तळं आहे. तिथले बेडूक एरवी चिखलाच्या रंगाचे. पण एप्रिलात नरांच्या अंगात काय संचारतं कोण जाणे, चार-पाच दिवस ते निळेशार होतात, माद्यांची वाट बघत बुडबुड आवाज काढतात आणि मग गुमान पुन्हा चिखलाचे होतात.

"तळ्याच्या एका कडेनं इमारतीच्या गरम पाण्याचा पाइप जातो ना," टिंड्रा म्हणाली, "तिथले नर बाकीच्यांच्या आधीच निळे होतात. मी गेल्या वर्षी पाहिलंय. पण माद्या येणार रानातून, आणि रानात अजून बर्फ. त्या झोपलेल्याच. मग हे बिचारे निळे होऊन बसतात ते कुणासाठी?"

स्ताफाननं उभी हयात बेडकांच्या अभ्यासात काढली होती. खिडकीखाली तेच तळं होतं. पाइप होता, बर्फ होता, दरवर्षीचा एप्रिल होता, आणि तरी हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता. त्याला आधी थोडी लाज वाटली आणि मग इतका आनंद झाला, की तो खुर्चीतून उठूनच उभा राहिला.

"शिकवशील मला?" टिंड्रानं विचारलं. "बघायचं कसं, मोजायचं कसं, सगळं. माझ्याकडे हा एकच एप्रिल आहे. जूनमध्ये मी इथून बाहेर."

"हो," स्ताफान म्हणाला. "हो, हो. बूट आण मात्र. तिथे गुडघाभर चिखल असतो."

आता, आमच्याकडे अहो-जाहो आजोबांच्या काळातच मोडीत निघालं. विद्यार्थी प्राध्यापकाला अरे-तुरे करतात, प्राध्यापक कुलगुरूंना. कुणीच कुणाच्या वर नाही. त्यामुळे "हो" म्हणायचा अधिकार नेमका कुणाचा, हे कुणालाच ठाऊक नसतं, आणि म्हणून आम्ही सगळं सगळ्यांना विश्वासात घेऊन ठरवतो. त्याची एक पद्धत आहे. टेबलाभोवती बसायचं, मध्ये कॉफी आणि दालचिनीचे बन ठेवायचे, आणि एकेकानं पाळीपाळीनं बोलायचं. याला आम्ही फेरी म्हणतो. जो बोलणार नाही तो सहमत, असं इतिवृत्तात लिहितात. इतिवृत्त लिहायचं काम प्रस्तुत लेखकाकडे असतं, म्हणून पुढचं सगळं खात्रीनं सांगता येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या कॉफीला स्ताफानला राहवलं नाही. त्यानं टिंड्राचा प्रश्न सगळ्यांना सांगितला. सांगताना त्याचे कान लाल झाले होते.

"अरे वा!" पदवी शिक्षणाची प्रमुख गुनिला ब्रांडेल म्हणाली. गुनिला मनानं फार चांगली. तिनं आयुष्यात कुणाला नाही म्हटलेलं नाही. "किती गोड! पण स्ताफान, बाकीच्यांचं काय?"

"कुठल्या बाकीच्यांचं?"

"ज्यांनी दार वाजवलं नाही त्यांचं. काही मुलं लाजरी असतात रे. टिंड्रा धीट, म्हणून तिला मार्गदर्शक मिळाला. मग धिटाईलाच बक्षीस दिल्यासारखं नाही का झालं?"

स्ताफान विचारात पडला. समानतेच्या विरोधात बोलणारा माणूस आमच्या गावात अजून जन्माला यायचाय. तो म्हणाला, "तेही खरंच."

"मग आपण सगळ्यांसाठीच काहीतरी करू या," गुनिला म्हणाली, आणि बन संपायच्या आत 'पदवी विद्यार्थी संशोधन प्रोत्साहन व प्राध्यापक मार्गदर्शन योजने'साठी एक कार्यगट नेमला गेला. स्ताफानचं नाव त्यात सर्वांत वर होतं. मार्गदर्शनाची तळमळ असलेला दुसरा कोण मिळणार?

कार्यगटाच्या पहिल्याच बैठकीत ध्यानात आलं, की प्राध्यापकांना मार्गदर्शन करण्याचं मार्गदर्शन कुणी केलेलंच नाही. इतकी वर्षं ते नुसतेच मुलांना शिकवत होते. शिकवणं वेगळं, मार्गदर्शन वेगळं. तेव्हा आधी प्राध्यापकांसाठी अभ्यासवर्ग भरवावा, असं ठरलं. अभ्यासवर्ग सुरळीत चालावा म्हणून पाँटुस नावाचा एक तरतरीत समन्वयक नेमण्यात आला. त्याच्या चष्म्याची चौकट पिवळी होती आणि विद्यार्थ्यांना तो "संशोधन प्रवासी" म्हणायचा. त्यानं प्रत्येक मार्गदर्शकाला एक मार्गदर्शक जोडून दिला. स्ताफानला जोडून मिळाला तो रसायनशास्त्राचा एक प्राध्यापक. हे दोघे दर बुधवारी भेटून एकमेकांना "मग, कसं चाललंय?" असं विचारायचे. बुधवारीच टिंड्राला वेळ द्यायचं ठरलं होतं.

मार्चमध्ये टिंड्रा परत आली. हातात नवे रबरी बूट.

"स्ताफान, कडेचा बर्फ सुटायला लागला. कधी सुरू करायचं?"

"अगं, जरा अडचण झालीय," स्ताफान म्हणाला. त्यानं दार बंद केलं, मग ते बरं दिसत नाही असं वाटून पुन्हा उघडलं. "मी कार्यगटावर आहे ना, म्हणून योजना लागू होईपर्यंत मला कुठल्याच विद्यार्थ्याला एकट्यानं मार्गदर्शन करता येत नाही. पक्षपात होतो म्हणे."

"म्हणजे तू मार्गदर्शनाच्या कमिटीवर आहेस, म्हणून मला मार्गदर्शन करणार नाहीस?"

"तू असं बोललीस की ते विचित्र वाटतं खरं."

"कसं बोलू मग म्हणजे विचित्र वाटणार नाही?"

स्ताफाननं खिडकीबाहेर बघितलं. "तुझा मुद्दा मी सोबत घेतो," तो म्हणाला.

हे आमचं खास वाक्य. कुणी काही खरं बोललं, की आम्ही ते सोबत घेतो. त्यानं बोलणाऱ्याचा मान राहतो आणि ऐकणाऱ्याची सुटका होते.

"कुठे नेता रे तुम्ही सगळे मुद्दे?" टिंड्रा चिडून म्हणाली. "एकदा ती खोली तरी दाखव मला. भरली असेल आतापर्यंत." आणि बूट आपटत निघून गेली. आपण फार चांगल्या कामात आहोत, असं त्यानं स्वतःला दोनदा सांगितलं. मग अभ्यासवर्गाची वेळ झाली.

एप्रिलातली बैठक मात्र निर्णायक ठरली. विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी असल्याशिवाय आमच्याकडे बैठक भरत नाही, आणि यावेळी विद्यार्थ्यांनी टिंड्रालाच पाठवलं. बैठकीची खोली तळ्याच्या बाजूची. कुणीतरी खिडकी उघडी ठेवली होती, आणि खालून रिकामी बाटली पाण्यात बुडवल्यासारखा बुडबुड आवाज येत होता. पाइपाजवळचं पाणी निळ्या ठिपक्यांनी भरलं होतं. स्ताफाननं ते आल्या आल्या बघितलं आणि मुद्दाम खिडकीकडे पाठ करून बसला. खुर्ची टेबलाकडे ओढतो तोच गुनिलानं त्याच्यापुढे बनांचं ताट सरकवलं.

फेरी सुरू झाली. टिंड्राची पाळी आली तशी ती उभीच राहिली.

"ते आज निळे आहेत. शनिवारपर्यंत राहतील, फार तर रविवार. मला योजना नको, प्रवास नको. एक माणूस हवाय माझ्याबरोबर तळ्यावर यायला. तुमच्यातलं कुणीही 'चल' म्हणालं तर आत्ता काम सुरू होतं."

सगळ्यांनी खूप समजूतदारपणे माना डोलावल्या.

"फार महत्त्वाचं बोललीस," गुनिला म्हणाली, आणि तिचे डोळे खरोखर पाणावले होते. "हे आपण नक्की सोबत घेऊ."

पुढचा विषय पाँटुसनं मांडला. एवढी मोठी योजना म्हणजे तिला घर हवं. 'विद्यार्थी संशोधन भवन', सगळं काचेचं. विद्यार्थ्यांना जवळ पडेल अशी मोकळी जागा एकच होती. त्यानं नकाशावर बोट ठेवलं. ते बोट तळ्यात होतं.

"तिथे बेडूक आहेत!" टिंड्रा म्हणाली.

"तेच विचारायचं होतं," पाँटुस आदरानं म्हणाला. "बेडकांना कायद्यानं संरक्षण आहे. तिथे बेडूक आहेत असं एखाद्या चालू संशोधनात दिसत असेल, तर आपण विटेलाही हात लावणार नाही. कुणाचं आहे का तिथे संशोधन?"

"माझं असतं ना! तुम्ही सुरूच होऊ दिलं नाहीत!"

"म्हणजे औपचारिकरीत्या सुरू नाही," गुनिला हळुवारपणे म्हणाली. "स्ताफान, बेडकांमधला तू जाणकार. तूच सांग."

सगळ्यांनी स्ताफानकडे बघितलं. त्यानं त्याच क्षणी बनचा मोठा घास घेतला होता. मागून बुडबुड आवाज येत होता. नुसतं वळून "ते बघा" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण वळला असता तर सगळ्यांचं एकमत मोडलं असतं, गुनिला दुखावली असती, पाँटुसनं इतकं काम केलेलं, आणि कॉफी अजून अर्धी होती. एकट्यानं उठून वेगळं बोलायचं म्हणजे आपण कुणी विशेष आहोत असं दाखवल्यासारखं. लहानपणापासून आम्हाला यापेक्षा मोठं पाप शिकवलेलं नाही. तो चावत राहिला. घास गिळून होईपर्यंत पाळी पुढच्या माणसाकडे गेली होती.

"सहमत," असं इतिवृत्तात लिहिलं गेलं.

टिंड्रानं कोट उचलला. दारापाशी ती थांबली.

"स्ताफान, फेब्रुवारीत तू हो म्हणाला होतास."

"म्हणालो होतो."

"तेव्हा तू एकटा होतास म्हणून." आणि ती खाली उतरली. थोड्या वेळानं ती तळ्याकाठी नुसतीच उभी असलेली दिसली. स्ताफान सोडून सगळ्यांना दिसली.

जूनमध्ये टिंड्रा बाहेर पडली आणि नॉर्वेत मासळीच्या कारखान्यात कामाला लागली. जुलैत आम्ही सगळे सुट्टीवर, आपापल्या उन्हाळी कुटीत होतो, त्यामुळे तळं बुजवताना कुणाला त्रास झाला नाही. पुढच्या एप्रिलात भवनाचं उद्घाटन ठरलं. दर्शनी भिंतीवर भला मोठा निळा बेडूक रंगवला होता. ती कल्पना पाँटुसची. योजनेविरुद्ध एकाही विद्यार्थ्याची तक्रार आली नव्हती, कारण योजनेत अजून एकही विद्यार्थी नव्हता, म्हणून उत्कृष्ट मार्गदर्शकाचा सन्मान स्ताफानला देण्यात आला. त्याला तो घ्यायचा नव्हता. पण नाही म्हटलं असतं तर बरं दिसलं नसतं.

आणि केक कापताना भवनाचं स्वयंचलित काचेचं दार आपोआप उघडलं. बाहेर कुणी माणूस नव्हता. पायरीवर बेडूक बसले होते, निळेशार, ओळीनं. बेडूक जिथे जन्मतात तिथेच परत येतात. त्यांना कुणी विश्वासात घेतलं नव्हतं. ते आत बघत होते आणि दार त्यांच्यासाठी उघडत-मिटत होतं.

"अगं बाई," गुनिला म्हणाली. "आता यांचा अभ्यास कुणीतरी करायला हवा!"

"एखादा विद्यार्थी मिळतो का बघू," पाँटुस म्हणाला. "कार्यगट नेमू. आधी फेरी घेऊ या का?"

केकवर बदामाच्या पिठीचा एक निळा बेडूक होता. स्ताफान सत्कारमूर्ती म्हणून तो त्याच्या ताटलीत आला होता, आणि फेरी त्याच्यापाशी आली तेव्हा त्याच्या तोंडात होता. त्याचे डोळे भरून आले होते. तो चावत राहिला. पाळी पुढे सरकली, प्रस्तुत लेखकापर्यंत आली. लेखक इतिवृत्त लिहीत होता, त्यामुळे त्याला बोलता आलं नाही.

आता उरलात तुम्ही. पहिल्या ओळीपासून तुम्ही याच टेबलाशी बसला आहात. मुलीचा प्रश्न तुम्हालाही आवडला होता, खालचा आवाज तुम्हालाही येत होता, आणि स्ताफान काही बोलत नाही याचा तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त राग आला होता. बोला, तुमची पाळी.

काही नाही ना? ठीक आहे. सहमत, असं लिहितो.