मालाताईचं आजारपण

अमरावतीच्या आमच्या नर्सिंग हॉस्टेलमध्ये मालाताई अभ्यास म्हणून आजारी पडायची. आम्ही पोरी विशीच्या आतल्या. ही पस्तिशीची, अकोल्याची, नवरा दवाखान्यात वारल्यावर शिकायला आलेली. इंग्रजी पुस्तक तिच्या डोक्यात शिरत नसे, ते आम्ही तिला मराठीत समजावून द्यायचो. एकदा समजलं, की ती खाटेवर आडवी व्हायची आणि म्हणायची, "सांगा पोरीहो, मले काय होऊन राहिलं?"

पेशंट म्हणून ती फार अवघड होती. नाव न विचारता नाडीला हात लावला, तर भिंतीकडे तोंड करून पडायची. दम्याच्या दिवशी जेवतानाही तिने दोन शब्दांपुढे वाक्य नेलं नाही. लकव्याच्या दिवशी तोंडाच्या एकाच कोपऱ्यातून चहा प्यायली. चादर मला धुवावी लागली.

एकदा ती सोनालीवर, म्हणजे आमच्या खोलीतल्या तिसरीवर, उगाच भडकली. वेणीपासून सुरू झाली ती सोनालीच्या आजीपर्यंत पोचली. सोनाली रडत बाहेर निघाली, तसा मागून आवाज आला, "गेली? मंग मी मेली. साखर उतरली का माणूस असाच चिडते. राग कायले धरतं, साखर तपास ना माही."

पुढे वॉर्डात वलगावचे एक आजोबा घामाने भिजून सगळ्यांना शिव्या देत होते. बाकीचे चिडले. सोनालीने मात्र सिस्टरला बोलावून त्यांची साखर तपासायला लावली. आजोबा वाचले.

माझं घोडं अडलं दुसऱ्या वर्षी. वॉर्डात माझ्या डोळ्यांसमोर एक बाई गेली आणि मी तिचा हात सोडून जिन्यात पळाले. त्यानंतर शेवटच्या घटकेतल्या पेशंटच्या शुश्रूषेचा धडा मी उघडेनाच. परीक्षा तोंडावर असताना तिवशाला बाबांना फोन केला, मला घेऊन जा. ते रविवारी येतो म्हणाले. सोनालीने मालाताईला गळ घातली, हिच्यासाठी तेवढा एक पेशंट हो. मालाताई नाही म्हणाली. का, ते सांगितलं नाही.

रविवारी दुपारी सोनाली गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली होती. मी बॅग भरत होते. मालाताई आली आणि म्हणाली, "तू आडवी हो. आज पेशंट तू."

मी डोळे मिटले. तिने खुर्ची ओढली, ओल्या कापसाने माझे ओठ पुसले, हात हातात घेतला. "कान शेवटपर्यंत ऐकते म्हणतात," ती हळू म्हणाली. "म्हणून बोलत राहाचं. मोठं काही नाही, घरचंच."

आणि ती बोलू लागली. खिडकी उघडली आहे, वारा येतोय. नळ येऊन गेला, पाणी भरून ठेवलं. घरचे निघालेत, पोचतीलच. मग तिचा आवाज बदलला.

"सिस्टरनं मले औषध आणाले खाली पाठवलं. मले वाटलं, तुमी थांबसान. मी पळतच आली हो, पायऱ्यायवरून."

हे माझ्याशी नव्हतं. ती पुढे बोलतच राहिली, मधेच थांबून, मधेच नाक ओढून.

न्यायला आलेल्या बाबांचा फोन उशाशी वाजला, वाजून वाजून थांबला. मी डोळे उघडले नाहीत. तिचा हात तेवढा घट्ट धरला आणि तिचं बोलणं संपेपर्यंत पडून राहिले.